चिखलणीच्या दिवसांत उपाशी बॅटरी

खारेपाटात ट्रॅक्टर उतारावर सोडून सुरू करण्याची सोय नाही. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी सगळी जमीन ताटासारखी सपाट. त्यामुळे जुलैतल्या सकाळी स्टार्टरने नुसते ‘टक्’ केले की चिखलणी थांबते, लावणीच्या बायका बांधावर बसून राहतात आणि त्यांची मजुरी मात्र चालू राहते.

आमच्या काकांवर ही वेळ आली. त्यांनी घाईघाईने नवी बॅटरी आणली, जुनी दुकानदाराला वजनावर दिली. चौथ्या दिवशी नवीही बसली! मग काका ट्रॅक्टर दिवसभर बंदच करीनात. जेवणाच्या सुट्टीतही इंजिन धडधडत उभे. डिझेलचा हिशेब विचारायची कुणाची छाती नव्हती.

डिझेल इंजिनाची गंमत अशी, की जुने इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. म्हणून चार्जिंग बंद पडले तरी काम चालूच राहते, आणि दुखणे कळते ते थेट सकाळी. आळ येतो बॅटरीवर.

अखेर रेवदंड्याकडचा एक म्हातारा मिस्त्री आला. ट्रॅक्टर डायनामोवाला, अल्टरनेटर येण्याच्या आधीच्या पिढीतला. मिस्त्रीने आधी पट्टा अंगठ्याने दाबला. अर्धा इंच दबला, म्हणजे ठीक. मग बॅटरीला मीटर लावला. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिनाला वेग दिल्यावर आकडा 14च्या आसपास चढायला हवा. (मंद चालीवर डायनामो फारसा देत नाही, तेव्हा वेग द्यायलाच हवा.) काकांचा काटा 12वरून हलेना.

‘‘काका, बॅटरीला रोग नाय. तिला जेवन मिलत नाय,’’ मिस्त्री म्हणाला.

मग त्याने डायनामोच्या दोन्ही वायरी काढून त्याची दोन्ही टर्मिनले तारेने जोडली आणि इंजिन हळूहळू वाढवले. व्होल्ट भराभर चढले. डायनामो धडधाकट! राहिला कटआउट. या पेटीतली गुंडाळी डायनामोचा दाब पुरेसा झाला की संपर्क जोडते आणि वीज बॅटरीकडे सोडते. पण त्यासाठी पेटीला अर्थिंग पक्के हवे. वायरी जागच्या जागी लावून मिस्त्रीने पेटीच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या अर्थच्या खांबापर्यंत एक सुटी तार धरली. काटा 14वर!

पेटीचा बोल्ट काढला तर खाली गंजाची पापडी. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला. पॉलिश पेपरने जागा घासली, नवी अर्थ वायर टाकली, वर ग्रीस फासले. बॅटरीच्या टर्मिनलांवरची हिरवट बुरशीही सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. खर्च एका वायरीचा.

दुकानदाराला वजनावर दिलेली ती जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. काकूंनी ते बोलून दाखवले. काका चहाचा कप घेऊन बांधाकडे निघून गेले.