शॉक : खेळातला आणि दवाखान्यातला

मी डोंबिवलीत शाळेत होतो तेव्हा कुणी विचित्र वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. अख्ख्या शहराचं नाव टवाळीला वापरलं जात होतं. आजच्या मुलांची भीती मात्र दुसरीकडून येते. माझ्या थोरल्या भावाला तीव्र नैराश्य आलं, त्याने अन्न सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सुचवली. कल्याणच्या घरात सर्वांत मोठ्याने 'नाही' म्हणाला तो त्याचा सतरा वर्षांचा मुलगा. "काका, बाबांना खुर्चीला बांधतील!" हे कुठे पाहिलंस, असं विचारल्यावर त्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

'आउटलास्ट' (२०१३) या खेळात आपण पत्रकार असतो आणि एका मनोरुग्णालयात शिरतो. हातात शस्त्र नाही, फक्त कॅमेरा. रुग्ण दिसला की पळायचं किंवा लपायचं. 'द इव्हिल विदिन'मध्ये (२०१४) नायकाची ताकद वाढवायची तर त्याला खुर्चीत जखडून डोक्यावर यंत्र उतरवतात. सिनेमातही असले प्रसंग असतात, पण तिथे आपण प्रेक्षक. इथे बोटं शिकतात. 'रुग्ण म्हणजे धोका' हे कुणी सांगत नाही; तसं न वागल्यास आपण खेळात मरतो, एवढंच.

या भीतीला इतिहासाचा आधार नाही असं नाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल नव्हती. रुग्णाचं शरीर जोरजोरात आचके देई. आपल्याकडेही पुढे बरीच वर्षं भुलीशिवाय शॉक दिले जात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यावर बंदी आणली. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच, काही सेकंद वीज सोडतात. मेंदूत येणारी फीट साधारण मिनिटभरात थांबते. आत्महत्येचा धोका असेल किंवा रुग्ण खातपीत नसेल, तर गोळ्यांचा परिणाम दिसेपर्यंत थांबणं परवडत नाही, म्हणून हा उपाय. स्मृतीवर परिणाम होतो, बहुधा तात्पुरता. तो लपवू नये.

चांगले खेळही आहेत. 'हेलब्लेड'साठी (२०१७) मनोविकारतज्ज्ञ आणि आजार अनुभवलेली माणसं यांचा सल्ला घेतला गेला, आणि कानात येणारे आवाज काय असतात ते मला त्यातून खरंच कळलं. पण ती कथा जुन्या काळातली. तिथे आजार आहे, दवाखाना नाही. बरं करणारा दवाखाना मला पुतण्याच्या एकाही खेळात सापडला नाही. बहुधा त्यात खेळण्यासारखं काही नसावं.

आमचे तीन आठवडे वादात गेले. भावाचं वजन उतरत राहिलं. शेवटी डॉक्टरांनी पुतण्याला बोलावून ती खोली दाखवली : एक पलंग, भुलीचं सामान, पाटीएवढं यंत्र. "एवढंच?" तो म्हणाला. त्यानंतर भावाने सही केली.

पहिल्या बैठकीनंतर तासाभराने भावाने चहा मागितला. आदल्या दिवशी कोण भेटायला आलं होतं ते त्याला आठवेना. पुतण्याने तो खेळ अजून काढून टाकलेला नाही.