पोलादाच्या शहरातील जॅझ

विद्यार्थ्यांनो, अमेरिकेतील पिट्सबर्ग हे शहर पोलादासाठी जगप्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात तेथे आली. त्यांपैकी पुष्कळ जण 'हिल डिस्ट्रिक्ट' या वस्तीत राहिले. रात्री तेथील क्लबांत जॅझ संगीत रंगत असे. जॅझचा वादक मूळ चाल धरून आयत्या वेळी नवे सूर रचतो.

तुम्हांला ऐकून नवल वाटेल! मेरी लू विल्यम्स, बिली स्ट्रेहॉर्न, एरोल गार्नर आणि अहमद जमाल हे चार नामवंत पियानोवादक येथील एकाच शाळेत, वेस्टिंगहाउस हायस्कूलमध्ये शिकले. गार्नर यांना स्वरलिपी वाचता येत नसे. ते केवळ कानाने ऐकून वाजवत.

१९५६ साली शहरसुधारणेसाठी या वस्तीचा खालचा भाग पाडण्यास सुरुवात झाली. सुमारे ८,००० लोकांना घरे सोडावी लागली. अनेक क्लब नाहीसे झाले. तेथे १९६१ साली उभारलेले भव्य क्रीडागृहही पुढे २०१२ पर्यंत पाडले गेले. त्या वादकांच्या ध्वनिमुद्रिका मात्र आजही ऐकल्या जातात.

वस्ती पाडली, की घरांबरोबर आणखी काय काय हरवते? विचार करा.