टीव्हीची आवड बदलत गेली, आपला इतिहास कोण दाखवणार?

१९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' आले, १९८८ मध्ये 'महाभारत'. २००० पासून 'कौन बनेगा करोडपती' आणि सासू-सुनांच्या मालिकांनी घराघरांत जागा घेतली. चॅनलचे गणित टीआरपी आणि जाहिरातींचे असते. ज्याला प्रेक्षक, तेच वाढते. स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरील 'महामानवाची गौरवगाथा' ही मालिका यायला २०१९ उजाडले! मालिका येतात, संपतात. पण छत्रपती संभाजीनगरात १९५० ला बाबासाहेबांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारासाठी लढलेले ज्येष्ठ आजही आपल्या वस्त्यांत आहेत. चॅनलची वाट न पाहता आपणच त्यांच्या मुलाखती मोबाईलवर नोंदवून ठेवू या. जय भीम!