संशोधनाची वाट (भाग ४) : प्रवेश एकीकडे, पैसा दुसरीकडे

मागच्या भागात मार्गदर्शक कसा शोधायचा ते पाहिले. आता पोटापाण्याचा प्रश्न. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की फेलोशिप आपोआप सुरू होते, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. प्रवेश विद्यापीठ देते. पैसा बहुतेक वेळा दुसरेच कोणी देते. कोणता अर्ज आधी आणि कोणता नंतर, हे कळले की निम्मे काम झाले.

वर्ध्याचेच बघा. यवतमाळ रोडवर सावंगी (मेघे)ला दत्ता मेघे यांच्या नावाचे अभिमत विद्यापीठ आहे, तर शहरालगतच्या टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. दुसरे केंद्रीय विद्यापीठ, म्हणून तिथल्या नेट नसलेल्या नियमित संशोधकालाही यूजीसीचे दरमहा ८,००० रुपये मिळू शकतात. खासगी अभिमत विद्यापीठाला ही योजना लागू नाही. तिथे संस्थेची स्वतःची फेलोशिप आहे का, मार्गदर्शकाकडे निधी असलेला प्रकल्प आहे का, हे प्रवेशाआधी स्पष्ट विचारून घ्यावे. नसेल, तर पैसा आपणच बाहेरून आणायचा.

बाहेरच्या पैशाचे दोन प्रकार. पहिला आधी मिळवून ठेवायचा : जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप. त्यासाठी यूजीसी-नेट, विज्ञानाला सीएसआयआर-नेट, आणि जीववैद्यकीय विषयांसाठी आयसीएमआरची स्वतंत्र परीक्षा. यूजीसीचा दर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. जून २०२४ पासून यूजीसी-नेटच्या निकालात ‘केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असाही एक गट असतो. त्या गुणांवर वर्षभरात प्रवेश घेता येतो, पण त्यातून रुपयाही मिळत नाही. अनेकांची फसगत इथेच होते.

दुसरा प्रकार नोंदणीनंतरचा. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. इथे पीएच.डी.चे नोंदणीपत्र हातात असावे लागते, जागा मोजक्या असतात आणि जाहिरात निघाली की मुदत भराभर संपते. जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर, मार्गदर्शकाचे पत्र अशी फाइल आधीच तयार ठेवावी. आणखी एक अट : संशोधन पूर्णवेळ हवे. रुग्णालयात ट्यूटरचा पगार घेत पीएच.डी. करणाऱ्याने फेलोशिपचा हिशेब धरू नये.

सावंगी-सेवाग्रामसारख्या वैद्यकीय ठिकाणी एक अडचण आणखी आहे. रुग्णांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी लागते. समितीने प्रश्न काढले, संमतिपत्र मराठीत नीट नाही म्हणून परत पाठवले, की महिने जातात. फेलोशिपचे घड्याळ मात्र रुजू झाल्या दिवसापासून चालू असते, आणि दोन वर्षांनी वरच्या दरासाठी कामाचे मूल्यमापन होते. म्हणून आराखडा आणि संमतिपत्राचा मसुदा प्रवेशाच्या मुलाखतीआधीच लिहायला घ्या. मुलाखतीतही तोच उपयोगी पडतो.

(पुढील भागात : जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही पगारी नोकरी कशी असते)