गजाला एक गिरह : खोडदची छोटी जीप

कापडाच्या धंद्यात जुन्या गिऱ्हाइकाची ओळख नावाआधी त्याच्या वाहनावरून पटते. नारायणगावच्या परिसरात आमचे कापडाचे दुकान आहे. लग्नसराईत आसपासच्या गावांतून माणसे बस्ता बांधायला येत, तेव्हा दुकानापुढे कोणती जीप उभी राहिली हे पाहिले की कोणत्या घरी कार्य आहे ते आम्हाला कळत असे. त्या गाड्या आता जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. काही मोडीत गेल्या, काही गोठ्यामागे गंजत पडल्या. अशाच घरच्या गाड्यांच्या लहान पण मापात असलेल्या प्रतिकृती बनवणे हा एक हुनर आहे. तो रिकामटेकड्यांचा शौक आहे असे समजून आपल्या कारागीर बंधूंनी त्याकडे पाठ फिरवू नये, यासाठी हा लेख.

खोडदचा अनुभव

खोडद गाव जगाला माहीत आहे ते तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना या परिसरात उभ्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते आणि शाळा-कॉलेजांची मुले स्वतः बनवलेल्या प्रतिकृती मांडतात. पुठ्ठा, तार आणि पत्रा यांतून मोठी वस्तू लहान करून दाखवणे या भागातील मुलांना नवे नाही.

याच गावच्या एका शेतकरी कुटुंबाशी आमचा अब्बांच्या काळापासून व्यवहार आहे. त्या घरच्या तीन पिढ्यांचे बस्ते आमच्या दुकानात बांधले गेले आणि तिन्ही वेळा माणसे एकाच जीपमधून आली. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. त्यातच इंजिनाचे मोठे काम निघाले. घरच्यांनी हिशेब केला आणि जीप भंगारात दिली.

गाडी गेल्यावर लक्षात आले की घरात तिचा एकही धड फोटो नाही. फोटो पुष्कळ होते, पण प्रत्येकात पुढे माणसे उभी. कुठे नवरदेवाच्या खांद्याआडून एक दिवा दिसतो, तर कुठे वऱ्हाडाच्या पायांमधून अर्धे चाक. त्या घरचा नातू खिडक्यांच्या ग्रिलचे आणि पत्र्याचे काम करतो. त्याने जीप बनवायला घेतली आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "चाचा, जीपच्या हुडासाठी कापड द्या. पण सोळा पट बारीक वाटेल असं द्या."

मापाचा हिशेब

सोळा पट हा आकडा ऐकून आम्हाला मौज वाटली, कारण तो आमच्याच धंद्यातला आहे. जुन्या मापात एक गज म्हणजे ३६ इंच आणि एका गजाचे १६ गिरह. खऱ्या गाडीवर जिथे एक गज भरतो, तिथे प्रतिकृतीवर एक गिरह, म्हणजे सव्वादोन इंच धरायचे. जगभर शौकीन लोक निरनिराळी प्रमाणे वापरतात. १:१८ म्हणजे गजाला दोन इंच, १:२४ म्हणजे गजाला दीड इंच आणि १:३६ म्हणजे गजाला एक इंच. दुकानदाराचा टेप हाती असला की याहून वेगळे गणित लागत नाही.

जुन्या छोट्या जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर ८० इंच असते. सोळाने भागले की बरोबर ५ इंच येतात. गाडीची लांबी सुमारे १३० इंच, ती आठ इंचांवर थोडी. असे प्रत्येक माप आधी ग्राफ पेपरवर उतरवायचे. जीप सोपी, कारण तिचे अंग सपाट पत्र्याचे. पुठ्ठ्याचा साचा कापून पाहायचा, तो जुळला की पत्रा कापायचा. त्या मुलाने पत्रा तेलाच्या रिकाम्या डब्याचा घेतला आणि चाके रबरी स्लीपरच्या सोलमधून कापली.

फियाट किंवा अँबेसेडर बनवणे मात्र अवघड. त्यांना सपाट जागा जवळजवळ नाहीच. तेथे लाकडाच्या पातळ पट्ट्या आकाराप्रमाणे कापून एकावर एक चिकटवाव्या लागतात, मग कानस, लांबी, पॉलिश पेपर आणि शेवटी रंग. रंगाचा थर जाड झाला तर सगळी मेहनत वाया जाते. अर्ध्या मिलिमीटरचा थर १:१८ च्या गाडीवर ९ मिलिमीटरचा दिसतो आणि दरवाजाच्या फटी बुजून जातात. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतात.

कापडाची तर वेगळीच अडचण. पत्रा लहान करता येतो, सुताचा धागा लहान करता येत नाही. खऱ्या कॅनव्हासचा तुकडा छोट्या जीपवर टाकला तर तो गोणपाटासारखा दिसतो. आम्ही त्या मुलाला टू बाय टू रुबिया दिले, खाकीत रंगवून घ्यायला सांगितले आणि वरून हलकी खळ द्यायला लावली. खळ दिली की कापड कमानीवर ताठ बसते आणि शिवणीजवळ चुणी राहत नाही. सीटसाठी वहीच्या बांधणीचे पातळ रेक्झिन चालते.

हूड हिरवे की खाकी?

रंग खाकी सांगितला, पण घरात त्यावरून वाद झाला. मुलाचे वडील म्हणत खाकी, आजी म्हणत हिरवे. आम्ही आमच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत १९८७ साली त्या घरच्या नावे खाकी कॅनव्हास लिहिलेला सापडला. वडील बरोबर ठरले. तेव्हा आजींनी सांगितले की हे कापड घेतले ते दुसरे हूड. गाडी घरी आली तेव्हा हूड हिरवे होते. थोरल्या लेकीला बाळंतपणासाठी पुण्याला नेताना वादळी पावसात ते फाटले आणि साऱ्या वाटेत त्यांनी स्वतःचा पदर लेकीच्या डोक्यावर धरला होता. ही गोष्ट त्या घरात नातवंडांनी तोवर ऐकलीच नव्हती. त्या मुलाने मग दोन हुडे बनवली, एक हिरवे आणि एक खाकी. हवे ते चढवता येते.

आम्हाला या कामाचे खरे मोल इथे दिसले. तयार खेळण्यातली जीप जत्रेतही मिळते, पण ती पाहून कोणाला काही आठवत नाही. आपल्याच गाडीचा वाकलेला बंपर, मागे बांधलेला पाण्याचा कॅन, एका बाजूला बसवलेला वेगळ्या रंगाचा दरवाजा दिसला की माणसे बोलू लागतात. बनवणाऱ्याला प्रत्येक तपशील विचारावा लागतो आणि त्या विचारपुशीतून घरातल्या विसरलेल्या गोष्टी वर येतात.

गाड्यांचा इतिहास

या गाड्यांमागे आपल्या राज्याच्या उद्योगाचाही इतिहास आहे. जीप बनवणारी कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

फियाटचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तेथे बनलेल्या जुन्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढची फियाट ११०० डिलाइट १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नवी गाडी मिळवायला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून बहुतेक व्यापारी वापरलेलीच घेत. आमच्या अब्बांनीही तशीच घेतली. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असल्याने पुढच्या सलग सीटवर तिघे बसत, टपावर कॅरियर आणि कॅरियरवर कापडाचे गठ्ठे. आठवडे बाजाराला हीच गाडी, दवाखान्याला हीच आणि ईदला आजोळी जायलाही हीच.

मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची. अँबेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या आरंभी बंद झाली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसाने लहानपणी ज्या गाड्यांतून प्रवास केला, त्यांपैकी एकही आज नवी मिळत नाही. या कामाला गिऱ्हाईक आहे ते याच माणसांत.

कारागिरांसाठी

आता धंद्याची बाजू. या कामाला लागणारे सर्व हात आपल्या वस्तीत आहेत. पत्रा ठोकणारे, डेंटिंग-पेंटिंगवाले, सुतार, सीट कव्हर शिवणारे. फक्त हे हात वेगवेगळ्या दुकानांत आहेत. तिघे-चौघे एकत्र आले तर एक गाडी चांगली बनते.

किंमत ठरवताना खेळण्याच्या दराशी तुलना करू नये. समजा एका गाडीला ६० तास लागले आणि ताशी मजुरी १०० रुपये धरली, तर मजुरीच ६,००० रुपये होते. माल थोडक्यात येतो, खर्च सारा वेळेचा आहे. गिऱ्हाइकाला हे आधीच मोकळेपणाने सांगावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, कारण एका घरची गाडी दुसऱ्या घरी खपत नाही.

कायद्याचीही माहिती हवी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. ज्यांच्याकडे हे कारागीर ओळखपत्र नाही त्यांनी ते काढून घ्यावे. ते इतर कामांतही उपयोगी पडते.

हुनराची कदर होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून किकवर सुरू होणारी छोटी चालती जीप बनवली. ती शोभेची प्रतिकृती नव्हती, तरी तिला आनंद महिंद्रा यांनी नावाजले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. असे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येईल असे नाही. परंतु जुन्नरचा हातकागद एके काळी दूरवर नावाजलेला होता, तो बनवणारे कागदी कारागीर मुसलमान होते, आणि गिरणीचा कागद आल्यावर तो धंदा बसला. हातांना वेळीच दुसरे काम मिळाले नाही तर पुढच्या पिढीत हुनर राहत नाही. सावंतवाडीत चितार आळीची लाकडी खेळणी आजही विकली जातात, ती गिऱ्हाईक दाराशी येत राहिले म्हणून.

वाचक बंधूंना एवढीच विनंती आहे. घरची जुनी गाडी विकण्यापूर्वी किंवा मोडीत देण्यापूर्वी अर्धा तास काढा. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, मात्र गाडीपुढे कोणाला उभे करू नका. फोटो जरा लांबून घ्या, जवळून घेतला तर आकार बिघडतो. टेप लावून लांबी, रुंदी, उंची, चाकांमधील अंतर आणि चाकाचा व्यास लिहून ठेवा. सीटच्या कापडाचा आणि हुडाचा हातभर तुकडा कापून घ्या आणि तारीख घालून ठेवा. प्रतिकृती दहा वर्षांनीही बनवता येईल, पण भंगारात गेलेल्या गाडीचे माप नंतर कोणी देऊ शकत नाही.