ई-मेलचा पत्ता सुचविणारी प्रणाली आणि रुग्णाची गोपनीयता

पूर्वी वापरलेल्या पत्त्याची पहिली दोन-तीन अक्षरे टंकित करताच ई-मेलची प्रणाली उर्वरित पत्ता सुचविते. मात्र आमची आष्टी बीड जिल्ह्यातील, तशीच एक आष्टी वर्धा जिल्ह्यातही आहे. ब्राह्मी मागवावी आणि मंडूकपर्णी हाती यावी, तसा प्रकार घडू शकतो. वनस्पती परत करता येते. परक्याने वाचलेला रुग्णाचा अहवाल परत घेता येत नाही.

गूगलच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या पद्धतीत पत्रव्यवहार किती वेळा व किती अलीकडे झाला, हे पाहिले जाते. आलेल्या पत्रापेक्षा आपण पाठविलेल्या पत्रास अधिक महत्त्व असते. अर्थात ज्या औषधालयास आपण वरचेवर मागणी पाठवितो, तेच वर दिसण्याचा संभव अधिक. पत्रात काय आहे, याचा येथे विचारच नाही. चुकीचे नाव निवडल्यास सावध करणारी सोय जीमेलने २००९ मध्ये आणली. परंतु तीही नेहमी एकत्र येणाऱ्या नावांवर बेतलेली. एकाच व्यक्तीस पत्र धाडताना ती निरुपयोगी.

म्हणून नोंदीत नावापुढे जिल्हा लिहावा आणि अहवाल जोडून झाल्यावरच 'प्रति' हा रकाना भरावा, असे आम्ही सुचवितो. पाठविलेले पत्र थांबविण्यास जीमेल फार तर ३० सेकंद देते.