अंदमानला जावे, पण कोणत्या महिन्यात?

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर एक ठरावीक बातमी झळकते : मोसमी पाऊस अंदमानात दाखल. उन्हाने होरपळलेल्या वाचकाला ती दिलासा देते आणि शेतकऱ्याला कामाला लावते. २०२५ मध्ये तर ही वार्ता १३ मे रोजीच आली. मात्र त्याच दिवशी अंदमानच्या धक्क्यावर सामानसुमान घेऊन उभ्या असलेल्या पर्यटकाला या बातमीचा अर्थ अगदी वेगळा लागतो. काही वर्षांपूर्वी तो मला लागला.

माझी आई प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठचे. अंगठीतले पोवळे तिने अनेकदा पाहिले होते. समुद्राच्या तळाशी जिवंत प्रवाळ कसे दिसते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे अशी तिची इच्छा. त्यासाठी निवृत्तिवेतनातून तिने तीन वर्षांची आवर्ती ठेव काढली होती. ठेव मुदतपूर्ण झाली आणि सहलीची तारीख ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती एखाद्या बँक अधिकाऱ्याने ठरवावी तशीच ठरविली. वार्षिक लेखाबंदी आटोपलेली, मुलाच्या शाळेला सुट्टी, प्रवास सवलतीची मुदत संपत आलेली. सारे काही मेच्या अखेरच्या आठवड्यात जुळून आले. हॉटेलचे दरही आश्चर्य वाटावे इतके कमी होते. ते कमी का आहेत, हा प्रश्न मात्र मी विचारला नाही. कर्जाच्या प्रस्तावात एखादा आकडा असा अकारण सुखद दिसला असता, तर मी तो तीनदा तपासला असता!

सहा दिवसांपैकी चार दिवस पाऊस कोसळत होता. स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला जाणारी बोट खवळलेल्या समुद्रामुळे सलग दोन दिवस रद्द झाली. प्रवाळासाठी ज्या जॉली बॉय बेटावर जायचे होते, ते त्या हंगामापुरते बंद झाले होते. सहलीची व्यवस्था करणाऱ्याने “पाऊस काय, अधूनमधून” एवढेच सांगितले होते. सेल्युलर जेल तेवढे आम्ही छत्री धरून पाहिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांना तेथे आणले गेले ते १९११ च्या जुलैमध्ये, म्हणजे अशाच भर पावसात, हे आईने नातवाला त्या ओल्या व्हरांड्यात सांगितले. प्रवाळाचा विषय परतीच्या विमानात कोणीच काढला नाही.

घरी आल्यावर मी जो अभ्यास केला, तो खरे तर तिकिटे काढण्यापूर्वी करावयास हवा होता. अंदमानात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातील माणसाला हा आकडा नवा नाही. फरक आहे तो त्याच्या विभागणीत. आपला पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो; अंदमानला दोन मोसमी वारे गाठतात. मेपासून नैऋत्येचे वारे आणि ते ओसरतात न ओसरतात तोच ऑक्टोबरपासून ईशान्येचे. कोरडे महिने उरतात ते मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की दर्या शांत होतो, हा आपल्या किनाऱ्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे आणि अरबी समुद्रापुरता तो योग्यही आहे. बंगालच्या उपसागराला तो लागू पडत नाही. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. त्यामुळे ‘पाऊस संपला, दिवाळीची सुट्टी लागली, चला अंदमानला’ हा बेत मराठी घरात जितका सहज आखला जातो, तितका तो निर्धोक नाही.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये याचा प्रत्यय आला. पुढे ‘वरदा’ हे नाव मिळालेल्या वादळामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले आणि त्यांना सोडविण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. जानेवारी तरी निर्वेध म्हणावा, तर २०१९ च्या जानेवारीत थायलंड ओलांडून आलेले ‘पाबुक’ वादळ अंदमानच्या समुद्रात शिरले होते. असे क्वचित घडते. पण घडते हे ध्यानात ठेवावे.

आकाशापेक्षा वाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे, हे मला उशिरा उमगले. सहलीवर सर झाली तर छत्री उघडता येते. बोट सुटली नाही तर काहीच करता येत नाही. स्वराज द्वीपावरील विख्यात राधानगर किनारा पश्चिमाभिमुख आहे. नैऋत्येचे वारे वाहू लागले की लाटा सरळ त्याच्यावर येतात, आणि जेथे एरवी मुले पोहतात तेथे पाण्यात उतरणे धोक्याचे ठरते. ईशान्येचे वारे वाहतात तेव्हा हाच किनारा तुलनेने आडोशाला राहतो आणि बेटाच्या पूर्वेकडील किनाऱ्यांना लाटांचा मारा बसतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी हॉटेल निवडताना केवळ छायाचित्र न पाहता ते बेटाच्या कोणत्या बाजूस आहे, हे नकाशात पाहावे.

आता ज्याला जे पाहावयाचे आहे त्याचा महिना. प्रवाळ आणि पाण्याखालचे जग पाहावयाचे असेल, तर जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ मला सर्वोत्तम वाटतो. वारा मंदावलेला असतो, पाणी नितळ असते आणि तळ स्पष्ट दिसतो. एप्रिलमध्येही समुद्र शांत असतो. पण उकाडा वाढतो आणि पाणीही तापते. २०१० च्या उन्हाळ्यात ते इतके तापले की, अंदमानातील प्रवाळ फार मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाला रंग आणि अन्न देणारी सूक्ष्म शैवाले उष्णतेने त्याला सोडून जातात, त्याचा हा परिणाम.

जॉली बॉय बेट वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. कोरड्या महिन्यांत जॉली बॉय आणि पावसाळ्यात रेडस्किन अशी तेथे आळीपाळी असते, जेणेकरून प्रत्येक बेटाला वर्षातून काही महिने विश्रांती मिळावी. आपली तारीख कोणत्या बेटाच्या वाट्याला येते, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

समुद्रकासवे हा ज्यांचा ध्यास आहे, त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि उत्तर अंदमानात डिगलीपूरजवळील काळीपूरच्या किनाऱ्यावर जावे. आपल्या वेळासला येणारी ऑलिव्ह रिडले तेथेही अंडी घालते. राजधानीपासून तेथवरचा रस्ता दिवसभराचा आहे. आठवडाभराच्या सहलीत तो बसविण्याचा अट्टहास करू नये. हिरवे, निथळते अरण्य आवडणाऱ्यांना नोव्हेंबरची अखेर भावेल, मात्र समुद्राचा भरवसा नाही ही अट मान्य करूनच.

आणखी एक पंचांग येथे उपयोगी पडते, ते तिथींचे. स्वराज द्वीपाच्या पाण्यात रात्री सूक्ष्म जीवांचा निळसर प्रकाश दिसतो, तो अमावस्येच्या आसपासच्या काळोखात. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नीलवर, खडकाची नैसर्गिक कमान आहे; तेथे ओहोटीलाच जाता येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जितकी मोठी, तितकीच ओहोटीही खोल, म्हणून त्या दिवसांत खडकांमधील पाण्याचे डोह अधिक उघडे पडतात. सूर्याचेही वेळापत्रक तेथे निराळे आहे. बेटे इतकी पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच; परिणामी डिसेंबरच्या आरंभी सूर्य सायंकाळी पाचच्या आतच मावळतो. सकाळी दहाला आरामात निघणाऱ्यांचा अर्धा दिवस बुडालेलाच असतो.

वाचकांना, विशेषतः आमच्या सहकाऱ्यांना, खरी अडचण कुठे आहे ते एव्हाना लक्षात आले असेल. जे महिने समुद्राला मानवतात, नेमके तेच बँकेला आणि शाळेला मानवत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा मागणे म्हणजे शाखाधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचण्याचा सराव करणे होय. संवेदनशील पदांवरील अधिकाऱ्यांना सक्तीची रजा मिळते खरी, परंतु ती पूर्वसूचनेविना, तेव्हा तिच्या भरवशावर बोटीची तिकिटे काढता येत नाहीत. दहावी-बारावीची मुले घरात असतील तर हा विषयच संपतो. अशा कुटुंबांनी नाताळच्या गर्दीतील चढे विमानभाडे सोसण्यापेक्षा जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून चार-पाच दिवसांची रजा घ्यावी, असे मी सुचवीन. आणि मे महिन्यात जाणे अटळच असेल, तर पहिल्या आठवड्यातच जाऊन यावे.

आम्ही पुन्हा गेलो ते तीन वर्षांनी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. रजेचा अर्ज मी सप्टेंबरमध्ये दिला होता. मुलगा तेव्हा पाचवीत होता. त्याची पाच दिवसांची शाळा बुडाली. पैसे या खेपेला मी घालीन म्हटले तर आईने ऐकले नाही; तिने दुसरी ठेव काढलीच होती. मधल्या काळात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि गुडघेही पूर्वीचे राहिले नव्हते. जॉली बॉयला मोठ्या बोटीतून लहान नावेत उतरावे लागते. दोन खलाशांनी तिला अक्षरशः उचलून ठेवले. प्लॅस्टिक नेण्यास त्या बेटावर बंदी असल्याने तिच्या पिशवीत घरचा स्टीलचा तांब्या होता.

नावेच्या तळाच्या काचेतून प्रवाळ दिसू लागले, तेव्हा ते तिच्या अंगठीसारखे लाल नव्हते. बरेचसे तपकिरी, काही जांभळट, काही पांढरे पडलेले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती काचेवर वाकून, शाळेत मुलांची वही तपासावी तशी, एकेक आकार पाहत राहिली. नाव वळू लागली तेव्हा तिने नावाड्याला हिंदीत विनंती केली, “भाऊ, जरा धीरे.”

परतीच्या विमानापूर्वीचा एक संपूर्ण दिवस आम्ही या वेळी श्री विजयपुरममध्ये, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, मोकळा ठेवला होता. बोट चुकली तर हाताशी असावा म्हणून. बोट वेळेवर आली. मग तो दिवस आईने सेल्युलर जेलमध्ये घालविला, छत्रीविना.